माळ, डोंगर आणि तांबड्या गाई

मराठी साहित्यात डोंगर दोनच आहेत. एक सह्याद्री आणि दुसरा हिमालय. पहिल्यावर किल्ले आहेत आणि इतिहास आहे. दुसऱ्यावर बर्फ आहे आणि अध्यात्म आहे. गो. नी. दांडेकरांनी पहिला मराठी वाचकाच्या पायांखाली आणून दिला. काका कालेलकरांनी, मूळ गुजरातीतून का होईना, दुसरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा केला. त्यानंतरच्या बहुतेक भटकंतीपर लेखनाने या दोन टोकांमध्येच येरझारा घातल्या आहेत. सातपुडा अधूनमधून डोकावतो, अजिंठ्याची रांग लेण्यांच्या निमित्ताने येते. बालाघाट मात्र येत नाही. नांदेड-लातूरच्या माणसाला कोणी डोंगराविषयी विचारत नाही, पाण्याविषयी विचारतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हापासून तर आमच्या भूगोलाचे तेवढेच एक चित्र बाहेर रूढ झाले आहे.

याला कारणे आहेत, आणि ती सगळीच साहित्यिक नाहीत. हरिश्चंद्राच्या रांगेपासून सुटून आग्नेयेकडे निघालेला बालाघाट अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा उतरत उतरत नांदेड जिल्ह्यात येतो तोवर त्याची उंची आणि उमेद दोन्ही ओसरलेली असतात. सुळके नाहीत, कडे नाहीत, धुके क्वचित. आमच्याकडचे नावाजलेले किल्लेसुद्धा बहुतेक जमिनीवरच बसलेले: कंधार भुईकोट, उदगीर भुईकोट, औसा भुईकोट. शिवाय १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. पुण्या-मुंबईच्या ज्या वर्गाने डोंगर चढण्याला छंदाचे आणि पुढे लेखनाचे रूप दिले, त्याच्या रविवारच्या टप्प्यात तो कधीच नव्हता. ‘बालाघाट’ हे नावही पाहा. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट, खालचा तो पाईनघाट. महसूल गोळा करणाऱ्याने कागदावर केलेली ही वाटणी आहे. तिथे राहणाऱ्याने प्रेमाने ठेवलेले नाव हे नव्हे.

कार्तिक पौर्णिमा उलटून आठवडा झाला असेल. मन्मथस्वामींच्या समाधीसाठी बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला जाणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या पायी दिंड्या परतल्या होत्या. हंगामाच्या अखेरीस बालाघाटातून चालत जाण्याची ही परंपरा आमच्याकडे आहे, पण तिला कोणी गिरिभ्रमण म्हणत नाही, आणि दिंडीतल्या माणसालाही ते नाव आवडणार नाही. आम्ही तिघे कंधारहून दक्षिणेला, मुखेडच्या बाजूला, डांबरी रस्ता टाळून निघालो. दोन दिवस चालायचे आणि बाजाराचा दिवस साधून तिसऱ्या दिवशी एस.टी.ने लातूर जिल्ह्यातल्या हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार गाठायचा, असा बेत होता.

कंधारविषयी थोडे सांगितले पाहिजे. राष्ट्रकूटांच्या काळातले हे मोठे नगर. त्यांच्या नावाची आठवण देणारा जगत्तुंग सागर अजून पाणी धरून आहे, आणि क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे भग्न तुकडे इथे सापडले. नुसता पाऊल-भाग पाहूनही माणूस गप्प होतो. पण कंधारचे नाव आज ज्या कारणाने देशभर घेतले जाते ते ना राष्ट्रकूट ना किल्ला. ते कारण म्हणजे लाल कंधारी ही गाय.

गाव सुटले, मन्याडच्या खोऱ्याची काळी रानेही मागे राहिली आणि मुरूम लागला. सोयाबीन निघून गेलेले, तुरी उभ्या, हरभरा नुकताच मातीतून वर डोकावलेला. चढ असा जाणवतच नाही. मागे वळून पाहिले म्हणजे कळते की आपण वर आलो आहोत. गवत पिवळे पडून तांबूस होऊ लागले होते. वाऱ्याने एका बाजूला कललेल्या त्या गवतात दूरवर काही तांबडे ठिपके होते, ते आम्हांला आधी खडक वाटले. मग त्यांतला एक हलला.

राखणारा सत्तरीच्या घरातला असावा. डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडे, हातात काठी, आणि धोतराच्या ओच्यात काहीतरी जड, बहुधा बोरे.

“कुठं निघालाव, गुर्जी?” त्याने विचारले. शाळेत शिकवणारा माणूस लांबून कसा ओळखू येतो, हे आम्हांला आजवर कळलेले नाही.

“डोंगर बघायला निघालो, बाबा.”

“डोंगर?” त्याने सभोवार पाहिले, जणू आमचे काही हरवले आहे आणि ते शोधायला मदत करावी. “हितं डोंगर कुटाय जी? ह्यो माळ हाय. डोंगर बघायचा तर माहूरला जावा.”

त्याचे खरेच होते. नांदेड जिल्ह्यात ज्याला शिखर म्हणावे ते माहूरला आहे: दत्तशिखर, अनसूयाशिखर, रेणुकेचा डोंगर, आणि पैनगंगेच्या वेढ्यातले सागवानाचे रान. आमच्या जिल्ह्याने आपली सगळी उंची उत्तरेच्या त्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवली आहे, आणि देवांनी ती ताबडतोब ताब्यात घेतली. उरला तो माळ. पण म्हाताऱ्याच्या वाक्यात आम्हांला जे टोचले ते वेगळेच. आम्ही आणलेला शब्द त्याने परत केला आणि जागेचा खरा शब्द हातात ठेवला. त्या क्षणी आम्हांला आठवला तो आल्प्स.

आल्प्स म्हटले की आपल्याला बर्फाची टोके दिसतात. परंतु जर्मनभाषक स्विस गुराख्याच्या तोंडी ‘आल्प’ म्हणजे शिखर नव्हे. आल्प म्हणजे उन्हाळ्यात गाई चारण्याचे उंचावरचे कुरण. बर्फ वितळले की गाई तिकडे न्यायच्या, चीज तिथेच करायचे, आणि सप्टेंबरात, पुन्हा बर्फ पडण्याच्या आत, शिंगांना फुले बांधून, गळ्यात मोठाल्या घंटा अडकवून त्यांना वाजतगाजत खाली आणायचे. शिखरांशी त्या लोकांना फारसे कर्तव्य नव्हते. तिथे गवत उगवत नाही. शिखरांचे वेड बाहेरून आले, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, आणि मुख्यतः इंग्रजांनी ते वाढवले. लेस्ली स्टीफनच्या १८७१ सालच्या पुस्तकाच्या नावातच आल्प्स हे युरोपचे क्रीडांगण ठरले. पुढे मार्जोरी होप निकल्सन या विदुषीने १९५९ साली दाखवून दिले, की सतराव्या शतकापर्यंत इंग्रजी कवींना पर्वत म्हणजे पृथ्वीच्या अंगावरची गळवे वाटत होती. त्यांतले ‘भव्य’ पुढे सापडले, आणि ते डोळ्यांच्या आधी पुस्तकांनी शोधले. आपल्याकडे ही आल्प्सची घंटा ‘हायडी’च्या अनुवादांतून आणि नंतर १९९५ सालच्या एका अतिलोकप्रिय हिंदी चित्रपटातून घरोघर वाजली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना गाईच्या गळ्यातली घंटा म्हटली की स्वित्झर्लंड आठवते. त्यांच्या आजोबांच्या गोठ्यात खुंटीला घुंगूरमाळ टांगलेली असते, हे त्यांना सांगावे लागते.

तेव्हा ‘ह्यो माळ हाय’ या वाक्यात नकार नव्हता. आल्पचा इतका नेमका मराठी पर्याय आम्हांला कोणत्याही कोशात सापडला नसता.

पर्वत पाहायला निघालेल्या माणसाला वाटेत म्हातारा गुराखी भेटणे, ही पाश्चात्त्य साहित्यातली एक जुनी जागा आहे. २६ एप्रिल १३३६ रोजी कवी पेत्रार्क आपल्या भावासह मों व्हाँतू चढला, तो केवळ उंचीवरून पाहण्याच्या इच्छेने. निदान त्याचे पत्र तसे सांगते. पत्र खरे तर बऱ्याच उशिरा, १३५० नंतर सिद्ध झाले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यांना वाटेत एक वृद्ध मेंढपाळ भेटतो आणि परोपरीने परावृत्त करू पाहतो: पन्नास वर्षांपूर्वी मीही असाच चढलो होतो, पश्चात्ताप, श्रम आणि काट्याकुट्यांनी फाटलेले कपडे यांशिवाय हाती काही लागले नाही. कवी ऐकत नाही. माथ्यावर जाऊन तो संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडतो आणि बाहेरचे पाहत बसल्याबद्दल खजील होतो. युरोपीय प्रबोधनाची पहाट कुठे झाली याची चर्चा करणारे या पत्रापाशी हटकून थांबतात. म्हाताऱ्यापाशी मात्र कोणी थांबत नाही. तो तिथे कोणत्या गवतावर काय चारत होता, याची चौकशी पेत्रार्कने केलेली दिसत नाही.

आम्ही थांबलो, ते काही थोरपणाने नव्हे. ऊन चढले होते आणि बाभळीची सावली एकच होती.

लाल कंधारीचे वर्णन पशुसंवर्धनाच्या पुस्तिकांत मिळते: मध्यम बांधा, गडद तांबडा रंग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, समान वळणाची शिंगे; ओझ्याला आणि औताला चिवट, दूध बेताचे. चौथ्या शतकातल्या कुणा राजाने ही जात जोपासली, अशी एक कथाही त्या पुस्तिकांत असते. तिच्यावर आमचा विश्वास नाही, पण आपल्या जनावराला राजाश्रय होता असे लोकांना वाटावे, यात वाईट काही नाही. प्रत्यक्षात जे दिसते ते पुस्तिकेत मावत नाही. तो तांबडा रंग एकसारखा नसतो. वळू जवळजवळ काळपट, गाई भाजल्या विटेच्या, आणि वासरे, विशेषतः उन्हाला पाठ करून उभी असली म्हणजे, पिकल्या बोरासारखी. सुकत चाललेल्या गवताशी आणि उघड्या मुरमाशी त्या रंगाचे असे काही जुळते, की जनावर उभे राहिले तर दिसेनासे होते. पारंपरिक रंगशास्त्रात पिंगट-तांबूस गाईला कपिला म्हणतात, आणि दिंड्या जातात ते ठिकाण कपिलधार. नाव कपिलमुनींवरून आले असे लोक मानतात. आम्हांला त्यावर वाद घालायचा नाही. फक्त त्या दिवसापासून ते नाव आमच्या डोळ्यांपुढे रंग घेऊन येते, एवढेच.

म्हातारा बोलका होता आणि आमच्याजवळ वही होती. गवत हे त्याच्या लेखी एक नव्हते. मारवेल आणि पवना ही चांगल्या घरची गवते; कुंदा शेतकऱ्याचा वैरी, पण जनावराला चालतो; हराळी कुठेही, कधीही. कुसळीचे कौतुक पोळ्यापर्यंतच. कार्तिकात तिला कुसळे धरली की ती जनावराच्या तोंडात, हिरड्यांत, कधी डोळ्यांतही रुततात. म्हणून तो माळाचा जो भाग कुसळीचा, तो आधी चारून घ्यायचा आणि मारवेलीचा उतार मागे राखायचा. हे सांगताना तो काठीने हवेत माळाचे भाग पाडत होता. प्रत्येक उताराला नाव होते. एक नाव एका झाडावरून पडले होते, आणि ते झाड आता नाही. एक नाव तिथे वीज पडून मेलेल्या बैलजोडीवरून. लवण, वगळ, घळ, टेकाड, बरड हे शब्द आम्ही पुस्तकांत वाचले होते; यांतला कोणता कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे तो पायांनी दाखवत होता. महानुभावांनी चक्रधरांच्या पदस्पर्शाची ठिकाणे ‘स्थानपोथी’त टिपून ठेवली, देवळाचे तोंड पूर्वेला की पश्चिमेला इथवर. चौदाव्या शतकातल्या त्या भाविक चिकाटीचे आम्ही वर्गात दरवर्षी गुणगान करतो. माळाची स्थानपोथी अशी जिवंत माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते, हे आम्हांला त्या बाभळीखाली बसून लक्षात आले. साहित्याच्या अध्यापकाला शब्दाच्या मरणाची बातमी नेहमीच उशिरा पोहोचते. कोशात त्या शब्दापुढे ‘प्रादेशिक’ असे लिहिलेले असते आणि तो कोश चाळून तो निर्धास्त राहतो.

किती गाई, असे विचारल्यावर त्याने अकरा म्हणून सांगितले. त्यांतल्या स्वतःच्या चार, बाकी गावच्या, महिन्याच्या राखोळीवर. “आदी दीडशे असायच्या. दोन राखणे, तीन पोरं.” मग गाई कमी का झाल्या, या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिले ते अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रबंधात शोभेल, पण त्याने ते एकाच शब्दात दिले: कडबा.

ते थोडे उकलून सांगतो. या मुलखाचे पीक होते ज्वारी. ज्वारी माणसाला दाणा देते आणि जनावराला कडबा. एकाच ताटावर घर आणि गोठा दोन्ही चालत. नव्वदीपासून सोयाबीन वाढत गेले, आणि लातूरचा बाजार तर आज सोयाबीनच्या भावावरच ओळखला जातो. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. मुलांची शिक्षणे त्यावर झाली, आमच्या महाविद्यालयातल्या कित्येक फिया त्यावर भरल्या गेल्या. पण सोयाबीनचे जे मागे उरते ती भुसकटाची गुळी, आणि तिला कडब्याची सर नाही. कडबा गेला तेव्हा बैल विकत वैरणीवर आला. तोवर भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर आला होता, तो काम नसताना खात नाही. २०१५ साली राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्यामागच्या भावनेविषयी ज्याचे त्याचे मत असो. थकलेला बैल विकून नवा घेण्याचे जे चक्र होते ते त्यानंतर अडखळले, हे या बाजूचा कोणताही शेतकरी सांगतो. तशात २०१५-१६चा दुष्काळ. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांदरम्यान महाराष्ट्रातले गोवंशीय पशुधन सुमारे दहा टक्क्यांनी घटले. गाईवर देशात सर्वाधिक बोलले गेले, ती नेमकी हीच वर्षे.

आणि गायरान? म्हाताऱ्याने काठीने दाखवले: तिकडे वस्ती झाली, तिकडे खदान, तिकडे वनीकरणाचे कुंपण. वनीकरणात झाडे होती, त्यामुळे आम्ही मान हलवली. “झाडं चांगलीच की,” तो म्हणाला, “पन गाय झाड खात न्हाई.”

रात्री एका वस्तीवरच्या मारुतीच्या ओसरीत टेकलो. तो आणि आणखी चार-पाच जण जेवून आले. आमच्यातले एक जण भूगोल शिकवतात. त्यांना दिवसभर बोलायला संधी मिळाली नव्हती. त्यांनी काळ्या खडकाची गोष्ट काढली. पायांखालचा हा सगळा माळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेला लाव्हा, थरावर थर निवलेला. म्हणून आपले डोंगर वरून सपाट आणि पायऱ्यांचे. देगलूर-बिलोलीकडे गेलात तर हा काळा खडक संपतो आणि खालचा फार जुना ग्रॅनाइट वर येतो. तिथल्या गोल गुळगुळीत धोंड्यांवर लोक चिंचेखाली बसावे तसे बसतात. इथवर श्रोत्यांना नवल वाटले नाही. धोंडे त्यांनी पाहिलेले होते.

मग ते म्हणाले, की आपल्या जिल्ह्याला बर्फाचाही इतिहास जवळचा आहे. माहूरला वळसा घालून जी पैनगंगा किनवटच्या कडेने पुढे विदर्भ आणि तेलंगणाच्या सीमेवरून वाहते, तिच्याच खोऱ्यात, चंद्रपूरच्या बाजूला, इरई नावाचे गाव आहे. १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन नावाच्या अधिकाऱ्याला तिथे चुनखडीची एक फरशी दिसली. घासून गुळगुळीत झालेली आणि तिच्यावर समांतर ओरखडे. असे ओरखडे पाणी काढत नाही, वारा काढत नाही. दगडगोटे पोटाशी धरून सरकणारी हिमनदीच ते काढते. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळ असताना, तिथून बर्फ सरकत गेला होता. ज्या महाखंडाचा तो भाग होता त्याचे नाव जगभरच्या पुस्तकांत गोंडवन असे आहे. हे नाव गोंडांच्या मुलखावरून पडले, आणि किनवट-माहूरच्या रानांत गोंड आजही राहतात.

हिमनद्यांची ही विद्यादेखील डोंगरात वावरणाऱ्यांपासूनच सुरू झालेली आहे. स्वित्झर्लंडच्या बान्य खोऱ्यातला पेरोदाँ नावाचा एक शिकारी १८१५ साली शार्पांतिए या अभियंत्याला सांगत होता, की आमच्या खोऱ्यातले हे एकटे पडलेले मोठाले धोंडे बर्फाने आणून टाकले आहेत, बर्फ पूर्वी खूप खालपर्यंत होता. शार्पांतिएला ते तेव्हा पटले नाही. पुढे पटले, आणि १८४० साली लुई आगासीच्या ग्रंथाने हिमयुगाची कल्पना विद्वत्सभेत नेऊन बसवली. आज त्याच देशाच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून सुमारे एक दशांश घनफळ गमावले. २०१९च्या सप्टेंबरात पिझोल नावाच्या एका हिमनदीसाठी लोक काळे कपडे घालून डोंगरावर गेले आणि त्यांनी तिचा शोकविधी केला.

“नदीचं मौत?” कोणीतरी विचारले.

“बर्फाच्या नदीचं.”

ओसरीवर थोडा वेळ शांतता होती. मग आमच्या म्हाताऱ्याने एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत इतक्या परिसंवादांतून आम्ही बसलो, पण विषयाच्या मुळाशी असा थेट गेलेला प्रश्न फारसा ऐकलेला नाही.

“मंग गुर्जी, तवा गवत कसं उगवायचं?”

भूगोलाचे मित्र क्षणभर थांबले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. गवत तेव्हा नव्हतेच. झाडे होती, नेचे होते; गवत नव्हते. गवत पृथ्वीवर फार उशिरा आले. आणि ते किती पूर्वी आले याचा एक महत्त्वाचा पुरावा पुन्हा चंद्रपूर जिल्ह्यातच मिळाला आहे. पिसदुरा येथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. तीत गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिकताकण आढळल्याचे भारतीय आणि परदेशी संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या काळ्या खडकाचा लाव्हा वाहत होता, त्या सुमाराला इथे गवत होते आणि कोणीतरी ते खात होते.

म्हाताऱ्याने मान डोलावली. “म्हंजी शेन बघूनच कळलं म्हना की,” तो म्हणाला. जनावराने काय खाल्ले हे शेण पाहून ओळखणे, हा त्याचा रोजचाच व्यवहार. त्यात विज्ञानाने नवे काय केले, ते त्याला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हांलाही सांगता आले नाही.

आमच्यातल्या एकाने मोबाइलवर स्विस गाईंची छायाचित्रे दाखवली. व्हॅले प्रांतातली एरांस जातीची गाय, ठेंगणी, काळसर-तांबडी, शिंगाने शिंग लावून झुंजणारी. मागे पांढरे शिखर. शिखराकडे कोणी पाहिले नाही. सगळ्यांनी पाय पाहिले, खूर पाहिले, कास पाहिली. म्हाताऱ्याने मोबाइल हातात घेऊन बराच वेळ निरखला. “हिला चढ जमंल,” त्याने निकाल दिला, “पन ऊन सोसायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी लातूरच्या दिशेला वळलो. जिल्ह्याची सीमा दाखवणारी पाटी आम्हांला लागली नाही. ती लागली जनावरांच्या रंगातून. तांबडे कमी होत गेले आणि पांढरे दिसू लागले. उदगीर, देवणी, निलंगा हा देवणी गाईचा मुलूख. गीर, डांगी आणि स्थानिक गाई यांच्या संकरातून सुमारे दोनशे वर्षांत ही जात घडली असे मानतात. दुधालाही बरी आणि औतालाही. तिचे तीन प्रकार इथला शाळकरी पोरगाही ओळखतो: सगळी पांढरी ती बाळंक्या, तोंड काळे असलेली ती वानेरा, आणि अंगावर काळे ठिपके विखुरलेली ती शेवरा. वानराच्या तोंडावरून वानेरा हे सहज कळते. बाळंक्या कशावरून, ते आम्ही पाच जणांना विचारले आणि पाच उत्तरे मिळाली. पाचही लिहून घेतली आहेत.

हाळीचा बाजार आम्ही पाहिला तो दहाच्या सुमारास, म्हणजे खरा व्यवहार होऊन गेल्यावर. तरीही गर्दी होती. धूळ, चहाच्या टपऱ्या, म्होरक्या-कासऱ्यांची दुकाने, रंगवलेली शिंगे. हेडी लोकांची बोली उपरण्याखालीच चालली होती: दोघांचे हात कापडाखाली, बोटांनी आकडे, चेहरे निर्विकार. बघणाऱ्याला काही कळू नये अशी ती भाषा आहे आणि ती उत्तम चालते. देवणी खोंडांच्या दावणीत एका बाजूला एक तांबडी जोडी बांधलेली होती. कंधारकडची, आणणारा तरुण होता, पायात बूट, खिशात दोन मोबाइल. घेणारा तेलंगणातला. उपरणे बाजूला झाले, पैसे मोजले गेले, दोनदा. टेम्पोची फळी खाली आली.

मग त्या तरुणाने बैलांच्या गळ्यातली आपली दावी सोडली. दुसऱ्याने स्वतःची नवी, अजून कडक असलेली नायलॉनची दावी बांधली. जनावर द्यायचे, दावे द्यायचे नाही, ही जुनी रीत. तरुणाने घुंगूरमाळाही काढल्या, झटकल्या आणि दाव्यांबरोबर खताच्या रिकाम्या पिशवीत भरल्या. मोटारसायकलच्या हँडलला त्याने ती पिशवी अडकवली. रस्त्याला लागल्यावर पहिल्या गतिरोधकावर ती वाजली, तेव्हा टपरीवरच्या दोघा-तिघांनी बैलगाडी येते आहे असे समजून वळून पाहिले.